38 की 77 किलोवॅट? गणित दोघींचंही बरोबर आहे

अगं, 1200 किलोची गाडी 12 सेकंदात 0 वरून 100 ला पोचते तर इंजिनाची पॉवर किती, तुझं उत्तर 38.6 किलोवॅट, मैत्रिणीचं 77, आणि आता दोघी भांडताय. गणित दोघींचंही बरोबर आहे, प्रश्न काढणाऱ्याने 'सरासरी' हा शब्द खाल्लाय.

तू ऊर्जेवरून गेलीस. ताशी 100 किमी म्हणजे सेकंदाला 27.8 मीटर, गतिज ऊर्जा 463 किलोज्यूल, भागिले 12. तिने बल गुणिले वेग केलं, त्वरण 2.31, बल 2780 न्यूटन, गुणिले शेवटचा वेग. आता त्वरण कायम धरलं की बल तेवढंच राहतं पण वेग वाढत जातो, म्हणजे पॉवरही शून्यापासून सरळ चढत जाते आणि शेवटच्या क्षणी सरासरीच्या बरोब्बर दुप्पट होते. म्हणून 77.

खरी गाडी मात्र अशी पळतच नाही. पहिल्या गिअरला पाठ सीटला चिकटते, 80 च्या पुढे तीच गाडी सुस्तावते, कारण गिअर बदलत इंजिन जास्तीत जास्त पॉवरच्या आसपास ठेवलं तर वेग वाढेल तशी ओढ कमी होणारच. त्यामुळे खऱ्या गाडीला 77 लागतीलच असं नाही, पण नुसत्या 38.6 वरही भागत नाही, त्यात बरीच भर घालावी लागते.

ती भर कसली, तर हवा, टायर आणि गिअरबॉक्समधली गळती. आधी हवा आणि टायर. अटल सेतूवर सपाट 100 ने चाललीयस असं धर. छोट्या गाडीला हवेचा विरोध साधारण 320 न्यूटन, टायरचा 140, गुणिले 27.8 म्हणजे जेमतेम 13 किलोवॅट. वेग नुसता टिकवायला एवढंच पुरतं, बाकी सगळी पॉवर वेग वाढवायला नाहीतर चढायला. पण हवेसाठीची पॉवर वेगाच्या घनाने वाढते हं, 50 चे 100 केलेस की आठपट.

आता चढ. चोर्ला घाटात 15 मीटरला 1 मीटर चढ आणि वेग 40 धरूया (चढाचा आकडा माझा, गणितापुरता). वजनाचा उताराच्या दिशेचा भाग 784 न्यूटन, त्यात टायर आणि हवेचे मिळून 190, गुणिले 11.1, झाले सुमारे 11 किलोवॅट. गिअरबॉक्स वगैरेत 15 टक्के जातात असं मानलं तर इंजिनाकडून 13 हवेत. मग ब्रोशरमध्ये 50 किलोवॅट लिहिलेली गाडी चौथ्या गिअरला धापा का टाकते? कारण ते 50 वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला खूप फेरे घेत असतानाच मिळतात. 1400 आरपीएमला 80 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) असेल तर पॉवर होते टॉर्क गुणिले कोनीय वेग (1400 आरपीएम म्हणजे सेकंदाला 147 रेडियन), म्हणजे 80 गुणिले 147, पावणेबाराच किलोवॅट. लागतात तर 13. दुसऱ्या गिअरला टाकलीस की त्याच 40 ला इंजिन 3000 च्या आसपास फिरतं आणि टॉर्क 90 धरला तरी 28 किलोवॅट मिळतात, गाडी आरामात वर.

पेपरात मात्र काय धरलंयस ते एका ओळीत लिही, 'त्वरण कायम, सरासरी पॉवर', मग 38.6. 'त्या वेगाला पोचताना' असं विचारलं असेल तर 77.