गांधीलमाशीचं मन आणि बारावीनंतरचा मार्ग

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, बारावी सायन्सला आहे. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर गांधीलमाश्यांचं पोळं आहे. त्यांची कामाची वाटणी बघून वाटतं, यांना मन असणारच. मला हेच शिकायचंय. बाबा म्हणतात, ‘नीट दे, हे छंद म्हणून ठेव.’ काय करू?

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला, पण त्यातल्या ‘असणारच’बद्दल आधी बोलायला हवं. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा टापा आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. १९०७ साली मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं, की तो विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या बारीक हालचाली टिपून थांबत होता. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोडा चुकायचा. म्हणजे वागणं हुशार दिसलं, तरी त्यामागे आपल्याला वाटतं तसं मन असेलच असं नाही.

गांधीलमाश्यांवर तर आपल्याकडेच, बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संशोधन संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी कित्येक वर्षं काम केलंय. त्यांनी अभ्यासलेल्या जातीत राणीला काढलं की एकच कामकरी माशी एकदम आक्रमक होते. बाकीच्या तिला विरोध करत नाहीत, आणि राणी परतली नाही तर तीच पुढे अंडी घालू लागते. राणी आहे की नाही, हे त्यांना तिच्या शरीरातल्या रसायनावरून कळतं. म्हणजे पोळ्याचा बराच कारभार ‘मन’ न मानताही समजावता येतो.

मग मन नाहीच का? तसंही नाही. २०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या बंबलबी (जाडजूड, केसाळ मधमाश्या) खाऊचं कसलंही आमिष नसताना लाकडी गोळे पुन्हा पुन्हा लोटत होत्या. माझ्या मते नीटस बांधलेल्या पोळ्यापेक्षा हे निरर्थक वाटणारं खेळणं जास्त वजनदार पुरावा आहे. प्राण्यांच्या जाणिवेबद्दलच्या २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात अनेक शास्त्रज्ञांनी सस्तन प्राणी आणि पक्ष्यांच्या जाणिवेला भक्कम आधार असल्याचं म्हटलं, कीटकांबाबत मात्र ‘वास्तव शक्यता’ एवढंच. त्या शक्यतेचं काय करायचं, यावर काम करणारी माणसं हवी आहेत.

आता मार्ग. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षणसंस्थांची आयएटी ही प्रवेशपरीक्षा दे; पुण्याचं आयसर घरापासून जवळ आहे. तिथे जमलं नाही तर ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून झुऑलॉजीत बीएस्सी कर आणि मग आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्सचं, म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात या अभ्यासाचं, एमएस्सी बघ. गणित सोडू नकोस, या क्षेत्रात संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. संशोधन करायचं तर पीएचडी लागेल, कमाई उशिरा सुरू होईल. हे बाबांना आजच स्पष्ट सांग, लपवू नकोस.

आणि नीटही दे. पशुवैद्यकाचा प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो आणि परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय रोज जाऊन-येऊन करता येतं. जनावराला किती दुखतंय, भूल कधी द्यायची, हे तिथे रोज ठरवावं लागतं. तुझाच प्रश्न आहे तो.

तोवर काच बंद ठेवून पोळं बघ. वहीत डाव्या पानावर फक्त दिसलेलं लिही, तुला वाटलेलं उजव्या पानावर. मुलाखतीला जाशील तेव्हा ती वही बरोबर ने.