पोळल्यावरची पहिली वीस मिनिटं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मिसळीचा कट करताना फोडणीचं तेल मनगटावर उडालं. शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट लावली, सासूबाई म्हणतात तूप-हळद लाव. मैत्रीण म्हणते बर्फ चोळ. खरं काय? (राजारामपुरी)

तिन्ही नको. हात थेट नळाखाली धरा आणि घड्याळ बघून वीस मिनिटं तसाच ठेवा. तेल पुसून टाकलं तरी कातडीत शिरलेली धग लगेच जात नाही, ती आत आत उतरत राहते आणि वरवरचा चटका खोल जखम होऊन बसतो. पाणी ती धग ओढून घेतं. बहुतेक जण दोन-तीन मिनिटांत आग कमी झाली की हात बाहेर काढतात आणि पुन्हा भगभग सुरू झाली की मलम शोधतात. पोळून तासभर झाला असेल तरी पाणी धरा. तीन तासांपर्यंत त्याचा फायदा होतो.

पाणी साधं गार हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चक्क गरम येतं. ते आधी वाहू द्या. तरीही गार येत नसेल तर माठातलं किंवा बोअरचं पाणी तांब्याने सावकाश ओता. बर्फाने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच भाजलेल्या पेशींचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून बर्फ नको.

हात पाण्याखाली असतानाच बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. थोड्या वेळाने सूज चढते आणि मग अंगठी कापावी लागते.

टूथपेस्टमधल्या मेंथॉलमुळे गार वाटतं, पण धग तशीच राहते आणि कातडी चुरचुरते. हळद-तुपाचा तोटा वेगळा : डॉक्टरांना जखमेचा खरा रंग दिसत नाही आणि खोली कळावी म्हणून ते सगळं खरवडून काढावं लागतं. हा त्रास पेशंटच सोसतो. शाई, कॉफी पावडर, बटाट्याचा कीस यांचंही तेच.

वीस मिनिटांनी हात टिपून कोरडा करा, चोळू नका. साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर मेडिकलमध्ये मिळणारं पॅराफिन गॉझ (जखमेला न चिकटणारी जाळीदार पट्टी) आणि वरून सैल बँडेज. कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, त्याचे तंतू चिकटतात. दोन बोटं भाजली असतील तर प्रत्येकाला वेगळं गॉझ गुंडाळा. दुखत असेल तर मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, पुढची सहा तासांनी. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : दोन वर्षांच्या नातवाने चहाचा कप छातीवर ओढून घेतला तर काय करावं? लहान मुलाला वीस मिनिटं पाण्यात ठेवलं तर गारठणार नाही का? (कागल)

काळजी रास्त आहे. पाणी फक्त भाजलेल्या भागावर ओता, बाकी अंग कोरड्या पांघरुणात ठेवा. मूल थरथरायला लागलं किंवा मलूल झालं तर पाणी थांबवा आणि ऊब द्या. पण त्याआधी झबलं आणि डायपर काढायला विसरू नका, गरम चहा त्यातच धरून राहतो. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, त्याच्या कडेने कात्रीने कापा.

मग किती भाजलंय ते मोजा. मुलाचा स्वतःचा तळवा बोटांसकट म्हणजे साधारण एक टक्का अंग. छातीवर चहा सांडला की तीन-चार तळवे सहज भरतात, आणि मुलाच्या बाबतीत एका तळव्याहून मोठी जखम घरी ठेवायची नाही. जाताना जखमेवर स्वयंपाकघरातला क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक) अलगद पसरा. पहिला वेढा फेकून द्या आणि अंगाभोवती गुंडाळू नका. तो नसेल तर धुतलेली सुती ओढणी चालते. १०८ ला फोन करा. कोल्हापूर शहरात असाल तर सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालय, गावात असाल तर जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा.

प्रश्न : आमच्याकडे दिवाळीनंतर गुऱ्हाळ सुरू होतं. काहिलीतला पाक पायावर उडाला की गडी तो लगेच खरवडतात. बरोबर आहे का? (करवीर तालुका)

अजिबात नाही. पाण्याला १०० अंशांवर उकळी फुटते. काहील उतरवायच्या वेळी पाक ११५-१२० अंशांच्या आसपास असतो. शिवाय तो पाण्यासारखा ओघळत नाही, जिथे पडतो तिथे चिकटून भाजत राहतो. म्हणून अर्ध्या मिनिटाच्या पाकाची जखम उकळत्या पाण्यापेक्षा खोल निघते. खरवडलात तर पाकाबरोबर कातडीच सोलून येते.

गूळ पाण्यात विरघळतो, हीच जमेची बाजू. हातानं काही न करता धार धरून ठेवा, थर आपोआप सुटतो. वीस मिनिटांत नाही सुटला तर आणखी धरा. बुटात पाक गेला असेल तर बूट आधी काढा, नाहीतर आतल्या आत शिजत राहतं. चुलवाणाजवळ स्वच्छ पाण्याचं पिंप हंगामभर भरलेलंच असावं आणि सोबत तांब्या असावा. रस गाळायच्या कापडाने पाय बांधू नका.

जखम पांढरट, मेणचट किंवा चामड्यासारखी दिसत असेल आणि दुखत नसेल, तर "दुखत नाही म्हणजे बरं आहे" असं समजू नका. तिथल्या नसाच जळालेल्या असतात. त्याच दिवशी रुग्णालयात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर तेही घ्या.

प्रश्न : टरारून फोड आलाय. सुईने फोडू का? (गडहिंग्लज)

नको. फोडाची कातडी म्हणजे निर्जंतुक आवरण आहे, त्याखाली नवी कातडी तयार होते. आपोआप फुटला तर साबण-पाण्याने हलकेच धुवा आणि गॉझ लावा. चांदीचं पांढरं मलम (सिल्व्हर सल्फाडायझिन) मनाने थापू नका. साध्या जखमेला त्याने भरायला उशीर लागतो. पू, वास, ताप, भोवती पसरत जाणारी लाली, किंवा तिसऱ्या दिवशी वाढलेलं दुखणं दिसलं तर डॉक्टर.

प्रश्न : बाईकच्या सायलेन्सरचा पोटरीला चटका बसला. मला मधुमेह आहे. (शाहूपुरी)

उपाय तोच, वीस मिनिटं पाणी. पण सायलेन्सरचा चटका लहान दिसला तरी बहुधा खोल असतो आणि मधुमेहात पायाची जखम सावकाश भरते, म्हणून छोटीशी असली तरी डॉक्टरांना दाखवा. साखर आटोक्यात ठेवा. मधुमेहींनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये; बधिर पायाला चटका कळत नाही.

प्रश्न : पानाच्या चुन्याची पुडी दाबताना मुलाच्या डोळ्यात चुना उडाला. दूध घालावं का? (पन्हाळा)

दूध नको, तेल नको, थांबायचं तर मुळीच नाही. चुना अल्कली, म्हणजे दाहक क्षार आहे, तो बुबुळात आत आत शिरत जातो. नजर जाऊ शकते. मुलाला कुशीवर झोपवा, चुना गेलेला डोळा खालच्या बाजूला, म्हणजे धुतलेलं पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरा, मूल रडलं तरी, आणि तांब्याने स्वच्छ पाण्याची बारीक धार किमान तीस मिनिटं सोडा. पापणीच्या आत चुन्याचे कण अडकलेले दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने टिपून घ्या. नंतर तडक नेत्रतज्ज्ञांकडे, आणि गाडीतही बाटलीने पाणी सोडत राहा. सोबत चुन्याची रिकामी पुडी न्या.