वाळवंटात सोलर पॅनेल टाकून देशाची विजेची गरज भागेल का?

बऱ्याच अंशी भागेल, पण नुसत्या पॅनेलनी नाही. राजस्थानातला भडला सोलर पार्क बघा. थरच्या वाळवंटात साधारण 14 हजार एकरांवर 2,245 मेगावॅट क्षमता उभी आहे. ऊन भरपूर, ढग कमी, शेती जेमतेम.

मात्र पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सिलिकॉन पॅनेलची क्षमता साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटते. मे महिन्यात काच 65 अंशांवर गेली की 12 ते 16 टक्के वीज तिथेच गेली! त्यात धूळ. एक वावटळ येऊन गेली की काचेवर पिठासारखा थर बसतो, बोट फिरवलं तर रेघ उमटते. धुवायला पाणी आणणार कुठून? म्हणून भडल्यात रात्री कोरडे ब्रश फिरवणारे रोबो लावलेत.

खरी अडचण पुढे आहे. दुपारची वीज संध्याकाळसाठी साठवायला बॅटरी किंवा उदंचन प्रकल्प (जादा विजेने पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची) हवेत, आणि शहरांपर्यंत न्यायला शेकडो किलोमीटरच्या वाहिन्या. याच तारांवर आदळून माळढोक मरतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात हा पक्षी जवळपास दिसेनासा झालाय, थरमध्ये जेमतेम शंभर-दीडशे उरलेत.

आणि वाळवंट म्हणजे ओसाड जागा, हे मला अजिबात पटत नाही. तिथली ओरणं, म्हणजे गावांनी राखलेल्या देवराया, सरकारी कागदावर बऱ्याचदा 'पडीक' असतात. उंट-शेळ्या तिथेच चरतात. त्या वगळूनच जागा निवडायला हवी.