नगररचनाकार आजोबांची ट्रंक रद्दीत घालू का?

तुम्ही विचारलंय की आजोबा नगररचना खात्यात होते, सोलापूरच्या घरात त्यांच्या नकाशा-डायऱ्यांच्या दोन ट्रंका पडून आहेत, घर विकायचंय. मंजूर आराखडे सरकारदरबारी असतातच, मग हे ठेवायचं कशाला?

रद्दीवाल्याला आधी परत पाठवा. माझी सगळी नोकरी ड्रॉइंग बोर्डावर गेली, त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे, हे धरून चाला.

मंजूर आराखड्यात निर्णय दिसतो, कारण दिसत नाही. बागेचं आरक्षण या सर्व्हे नंबरवरून त्या सर्व्हे नंबरवर का सरकलं, हे फाइलमधल्या टिपणीत असतं. आणि सरकारी फाइलींचे किती काळ जपायच्या यानुसार वर्ग असतात: 'ब' वर्गाची फाइल 30 वर्षांनी, 'क' वर्गाची 10 वर्षांनी नष्ट करायची असते. मग उरते ती अधिकाऱ्याची डायरी. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागाचंच घ्या. खाली माग, वर बिऱ्हाड, अशी घरं. नकाशावर त्याला एकच रंग द्यावा लागतो, रहिवासी किंवा औद्योगिक. जागेवर काय होतं, हरकत घ्यायला कोण आलं, साहेब काय म्हणाले, हे पाहणीच्या वहीतच सापडेल.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1914 मध्ये भारतात आले, आपल्या शहरांवर त्यांनी पन्नासेक अहवाल लिहिले, 1919 पासून मुंबई विद्यापीठात शिकवलं. त्यांची पत्रं आणि आकृत्या ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात आणि एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपलेल्या आहेत. जॉन नोलेन, क्लॅरेन्स स्टाइन या अमेरिकन नगररचनाकारांचे कागद कॉर्नेल विद्यापीठात आहेत. वास्तुविशारद ल कोर्बुझिएच्या आधी चंदीगडचा आराखडा करणाऱ्या अल्बर्ट मेयर यांचे भारतातल्या कामाचे कागद शिकागोत. आपल्या खात्यातल्या माणसाला मात्र निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळतं आणि कागद माळ्यावर जातात.

ट्रंका उघडाल तेव्हा कागद 'नीट लावू' नका. आजोबांनी ज्या गठ्ठ्यात जे ठेवलं तेच राहू द्या. कशासोबत काय होतं, तीही माहितीच आहे. गठ्ठानिहाय यादी करा. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशांच्या जुन्या प्रती, उजेडात फिकट होतात आणि शेजारच्या फोटोंवर डाग पाडतात, त्या वेगळ्या ठेवा. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. पावसाळ्याआधी वाळवी बघा.

जावक क्रमांक असलेली मूळ सरकारी फाइल निघाली तर ती घरची नव्हे. पत्र देऊन कार्यालयात परत करा, पोच घ्या. बाकी संग्रहासाठी पुण्याच्या पुरालेखागारात किंवा मुंबईत पुराभिलेख संचालनालयात यादी घेऊन विचारा. आर्किटेक्चर, प्लॅनिंग शिकवणारी महाविद्यालयंही घेऊ शकतात, पण 'कुठे ठेवणार, कोणाला बघू देणार' हे लेखी घ्या. देण्याआधी डायऱ्या स्कॅन करा.

आजोबांचे सहकारी हयात असतील तर फोटोतली माणसं त्यांच्याकडून आत्ताच ओळखून घ्या. नावं मागच्या बाजूला लिहायची ती पेन्सिलीनं, बॉलपेननं नाही.