मुलाचा अबोला आधी, जेईई नंतर

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला ७१ टक्क्यांनी पास झाला. जेईईत जमलं नाही, म्हणून ड्रॉप घेऊन रिपीटर बॅचला घातलं आहे. जूनच्या सुरुवातीला मित्रांच्या रॉक बँडच्या अल्बमचं कव्हर करायचं म्हणून त्यानं क्लास बुडवला. घरचा कूलर ऑटोत घालून कस्तुरचंद पार्कवर नेला आणि भर दुपारी मैदानाच्या मधोमध ठेवून फोटो काढले. वायर नुसती मातीत लोळते आहे, असा तो फोटो. येताना कूलरचा पंप फुटला. मी लॅपटॉप कपाटात बंद केला. दोन महिने झाले, तो माझ्याशी बोलत नाही. पण अभ्यासाला बसतो. त्याची चित्रकलाही बेताचीच, इंटरमिजिएटला सी ग्रेड. हे खूळ त्याच्या डोक्यातून कसं काढावं?
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नमस्कार. तुम्ही विचारलं खुळाबद्दल, पण मला काळजी वाटली ती अबोल्याची. अठरा वर्षांचा मुलगा एकाच घरात राहून दोन महिने बापाशी बोलत नाही, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि तो अभ्यासाला बसतो यातच समाधान मानलंत. पुस्तक उघडून बसणं म्हणजे अभ्यास होणं नव्हे. तो नीट जेवतो का? रात्री झोपतो का? मित्रांकडे जातो का? पत्रात यातलं काहीच नाही. बारावीचे टक्के आणि चित्रकलेची ग्रेड मात्र तुम्ही न विसरता कळवलीत. जेवणझोप बिघडली असेल तर क्लासच्या आधी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तुम्हीही बोलू शकता, तोही बोलू शकतो.

लॅपटॉप आजच्या आज परत द्या. विचारल्याशिवाय कूलर नेला, क्लास बुडवला, ही त्याची चूक आहेच. त्याबद्दल रागवा, पंपाचे पैसे त्याच्याकडून वसूल करा. पण चूक एका दुपारची होती आणि शिक्षा दोन महिने चालली आहे.

आता सी ग्रेडबद्दल. डिझाइन म्हणजे सुबक चित्र काढणं, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्यापायी कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत. रॉक अल्बमच्या कव्हरांत ज्याचं नाव सर्वांत आदरानं घेतलं जातं, तो स्टॉर्म थॉर्गरसन आधी इंग्रजी आणि तत्त्वज्ञान शिकला, मग चित्रपट. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३ च्या अल्बमवरचं ते प्रसिद्ध प्रिझम त्याच्या हिप्नोसिस या स्टुडिओचं काम, पण प्रत्यक्ष रेखाटलं जॉर्ज हार्डीनं. १९८७ मध्ये त्याच बँडसाठी थॉर्गरसननं इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर शेकडो लोखंडी पलंग ओळीनं मांडले. पाऊस आला, तेव्हा सगळं उचलून पुन्हा एकदा मांडायला लावलं. जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ च्या कव्हरवर डिझायनर पीटर सॅव्हिलनं वापरल्या त्या लाटा तर खगोलशास्त्राच्या एका कोशातल्या, पल्सार म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ संकेत पाठवणाऱ्या एका ताऱ्याच्या आलेखातल्या. या कामात आधी कल्पना लागते. ती कुठे, कशी, कोणाकडून साकारायची याची समज लागते. हात सरावानं बसतो. तुमच्या मुलानं नागपूरच्या उन्हात, जिथे वायर जोडायला प्लगच नाही अशा जागी कूलर ठेवला. उकाडा, असहायता, एकटेपणा, सगळं एका वस्तूत आलं. फोटो मी पाहिलेला नाही, तुमच्या रागावलेल्या वर्णनातूनही तो माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यानं असं का केलं, हे तुम्ही त्याला एकदा तरी विचारलंत का?

त्यालाही एक गोष्ट स्पष्ट सांगते. नुसत्या अल्बम कव्हरांवर नागपुरात घर चालणार नाही. एलपीचं, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकडीचं, पाकीट बारा इंचांचं असायचं, आज तेच कव्हर मोबाईलवर नखाएवढं दिसतं आणि होतकरू बँडकडे पैसे नसतात. पोट भरायचं ते पॅकेजिंग, पुस्तकं, ॲप, जाहिरात यांवर. कव्हरं करायची ती हौसेनं.

रस्ते ओळखीचेच आहेत : आयआयटीच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतंत्र परीक्षा, राज्यात उपयोजित कलेसाठी सीईटी, आणि गावातच शासकीय चित्रकला महाविद्यालय. यूसीड बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याच वर्षी देता येते, म्हणजे तुमच्या मुलाला हीच शेवटची संधी. अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये निघतात, परीक्षा जानेवारीत होते. तिच्यात रेखाटनाचाही भाग असतो, तेव्हा रोज तासभर स्केचिंग आत्तापासून हवं. जेईईचा अर्जही भरू द्या, पण दोन्ही अर्ज त्यानं स्वतः भरावेत आणि पुढे कशावर भर द्यायचा ते त्यानं ठरवावं.

त्या कव्हरचे सगळे फोटो, फसलेलेसुद्धा, आणि आधीची कच्ची रेखाटनं त्यानं तारीख घालून एका फोल्डरमध्ये ठेवावीत. पुढे कुठे पोर्टफोलिओ मागितला, तर शेवटच्या चित्राइतकंच तिथवर तो कसा पोचला हेही विचारलं जातं.