कासाब्लांकाला येण्याआधी पीजेडीचं काय झालं ते बघा

तुम्ही विचारलंय की मोरोक्कोत, कासाब्लांकात इस्लामी बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम मिळतंय, पण तिथे धार्मिक पक्ष सत्तेत होता म्हणे, मग बायकोमुलीला घेऊन यावं का. मी इथे बँकिंग आयटीतच आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

तो पक्ष म्हणजे न्याय आणि विकास पक्ष, सगळे पीजेडी म्हणतात. अरब स्प्रिंगनंतर, म्हणजे अरब देशांत लोक सरकारांविरुद्ध रस्त्यावर उतरले त्यानंतर, 2011 ला जिंकला, पक्षाचे नेते बेनकिरान पंतप्रधान झाले. दारूवर टॅक्स वाढवला पण बंदी नाही आणली, आणि मोठी कामं केली ती सगळी आयएमएफला (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीला) आवडतील अशी. 2012 मध्ये त्यांच्याकडून 6.2 अब्ज डॉलरची क्रेडिट लाइन, म्हणजे गरज पडली तर उचलायचं कर्ज, मिळवली, पेट्रोल-डिझेलची सबसिडी हळूहळू काढली, 2015 संपता संपता भाव पूर्ण मोकळे केले, मग सरकारी नोकरांचं रिटायरमेंटचं वय 60 वरून 63 कडे नेलं. विधवांना थेट पैसे देणं पण त्यांनीच सुरू केलं, हेही खरं. मला वाटतं त्यांचा प्रामाणिक समज होता की भ्रष्टाचार थांबला की बाजाराचा फायदा गरिबापर्यंत आपोआप पोचेल, पण बाजार आधीच राजवाड्याजवळच्या मोजक्या घराण्यांच्या हातात, तिथे हात लावायची ताकद यांच्यात नव्हती. महागाईचा राग मात्र यांच्या वाट्याला आला. 2021 ला 125 वरून 13 जागांवर आले, आणि पंतप्रधान कोण झाले तर अखन्नूश, ज्यांच्या ग्रुपचे देशभर पेट्रोलपंप आहेत! ज्या गरीब वस्त्यांनी पीजेडीला भरभरून मतं दिली होती त्यांचं मला फार वाईट वाटतं.

आता तुमचं काम. इथे इस्लामी, म्हणजे व्याज न घेणाऱ्या बँकांना पार्टिसिपेटिव्ह बँका म्हणतात. त्या 2017 ला सुरू झाल्या, बऱ्याचशा इथल्या जुन्या मोठ्या बँकांच्याच, काहींत आखाती भागीदार. प्रॉडक्टला मंजुरी देते उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची कौन्सिल आणि ती राजाच्या हाताखाली, पक्षाचा काही संबंध नाही. मुख्य धंदा मुराबहाचा, म्हणजे बँक घर स्वतः विकत घेते आणि नफा जोडून तुम्हाला हप्त्यांवर विकते, त्यामुळे सिस्टीममध्ये मालकी आधी बँकेच्या नावावर दिसलीच पाहिजे आणि उशिराचा दंड बँकेच्या नफ्यात धरता येत नाही. ऑडिटवाले इथेच पकडतात, हे शिकून या.

धर्माचा त्रास म्हणाल तर रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर खाऊ नका, बस एवढंच. त्यापेक्षा फ्रेंच शिका, ऑफिसात त्याशिवाय भागत नाही, आणि मुलीच्या शाळेची फी पगार ठरवतानाच बोलून घ्या. दिरहम, म्हणजे इथलं चलन, वाटेल तसा देशाबाहेर नेता येत नाही, पगारातली बचत पाठवायला कागदपत्रं लागतात. आणि कॉन्ट्रॅक्टवर कामगार मंत्रालयाचा व्हिसा, म्हणजे मंजुरीचा शिक्का, लागल्याशिवाय पुण्यातला राजीनामा देऊ नका.