सगळे देवमाणूस म्हणतात आणि मला बापाचा राग येतोय

"मॅडम, वडील जाऊन वर्ष होऊन गेलं, अख्खं गाव त्यांची आठवण काढतंय आणि मला मात्र त्यांचा राग येतोय. हे पाप आहे का?"

मी समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न या ना त्या शब्दांत मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणारी बहुतेक चांगल्या बापांचीच पोरं असतात. दारुड्या, मारकुट्या बापाचा राग आला तर लोक समजून घेतात हो, पण ज्याच्या अंत्ययात्रेला आजूबाजूच्या चार गावांची माणसं आली त्याच्यावर चिडायचं कसं आणि सांगायचं कुणाला. म्हणून आज ही एक केस लिहितेय. परवानगी घेतलीय, नाव आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. आपण त्याला महेश म्हणू.

महेश सदतिशीचा, कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला. गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. वडील, म्हणजे अण्णा, मोटरी भरायचे. शेतातल्या पंपाची मोटर जळली की जळकी तार काढायची, खाचांत नवा कागद घालायचा, नव्या कॉइल बसवायच्या, वार्निश मारायचं. पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं हेच. शिवाय गावात कुणाचा स्टार्टर, कुणाचा पंखा, देवळाचा भोंगा, लग्नातला जनरेटर, काहीही बिघडलं की आधी अण्णा. आणि पैशाचं विचारलं की एकच शब्द, "नंतर".

पहिल्या वर्षश्राद्धाला एकेक जण उठून अण्णांबद्दल बोलत होता, देवमाणूस, दानशूर वगैरे, आणि महेश पंगत सोडून तडक शेतात निघून गेला. त्याच आठवड्यात एक शेतकरी दारात येऊन "अण्णा असते तर पैसं घेतलं नसतं" म्हणाला तर हा त्याच्या अंगावर धावून गेला. बायको घाबरली, तिनंच माझ्याकडं पाठवलं.

येताना तो मोबाईलवर वाचूनच आलेला. "दुःखाच्या पाच पायऱ्या असतात ना, मी दुसरीवर, म्हणजे रागावर, अडकलोय बहुतेक." हे मला जवळपास प्रत्येक जण सांगतो, म्हणून इथंच सांगून टाकते. त्या पाच पायऱ्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागं राहिलेल्यांसाठी ते काही वेळापत्रक नव्हतं. राग पहिल्या आठवड्यात येईल, वर्षानं येईल, किंवा येणारच नाही. पायरी चुकली म्हणून कुणी नापास होत नाही.

मी आधी बघितलं झोप, जेवण, कामावर जाणं, जीव नकोसा होणं. ते सगळं बरं होतं. माणूस जाऊन वर्ष झालं तरी रोज तीच हुरहूर, दिवसाची कामंच होत नाहीत, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, तर मात्र सायकियाट्रिस्टला दाखवायलाच हवं. (जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात तर सहाच महिने धरलेत.) रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

महेशचं तसं नव्हतं. त्याच्याकडं एक गोष्ट होती जी त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. ती बाहेर यायला तीन सेशन गेले.

२००५ साल. बारावी झालेली, इंजिनिअरिंगला नंबर लागत होता, फी भरायची होती. आणि त्याच पावसाळ्यात महापूर आला. पाणी उतरल्यावर शेडपुढं चिखलानं भरलेल्या मोटरींचा ढीग. अण्णा त्या धुवायचे, वाळवायचे, मोटरीच्या पोटात दोनशे वॅटचा बल्ब लावून रात्रभर ठेवायचे. महेश म्हणाला, "रात्री शेडमध्ये गेलं की ओळीनं मोटरी आतनं पिवळ्या पेटलेल्या दिसायच्या. लई भारी दिसायचं मॅडम." हे सांगताना तो पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, फीचं विचारायला गेलो तेव्हा ते मशीनवर कॉइल गुंडाळत होते आणि वेढे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही हा घरातला नियम होता, एक वेढा चुकला तर सगळी कॉइल वाया. हा उभा राहिला. मोजून झालं. अण्णांनी वर बघितलं आणि हा म्हणाला, "काय नाय, जेवायला बोलावलंय."

विचारलंच नाही. बीकॉम केलं.

२०१९ ला पुन्हा तेच, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पुन्हा मोटरींचा ढीग, पुन्हा "नंतर". अण्णा गेल्यावर कपाटात त्यांची वही सापडली, त्यात दीड लाखाच्या वर येणं आणि त्यातलं बरंच २००५ चं.

मी म्हटलं वही घेऊन या. दोघांनी पानन्‌पान वाचली. सिनेमा असता तर शेवटी महेशच्या नावाचं एखादं पान निघालं असतं, बापानं गुपचूप काहीतरी लिहून ठेवलेलं. नाही निघालं. तारेचं गेज, वेढे, नाव, आणि "नंतर". मला स्वतःला त्या दिवशी अण्णांचा जरा राग आला, खोटं कशाला बोलू.

पण वाचता वाचता महेश एकेका नावाला थांबून सांगायला लागला, याची बायको तेव्हा आजारी होती, हा मात्र पैसेवाला, यानं फसवलंच. म्हणजे बाप त्याला पूर्ण ठाऊक होता, हात आणि काळीज मोठं पण हिशेब आणि घर मागं, आणि वर्षभर लोकांनी त्यातला अर्धाच माणूस याच्या हातात दिला होता. राहिलेल्या अर्ध्याचं करायचं काय, हे न कळल्यानं तो चिडत होता. मी एवढंच म्हटलं, हे आईला सांगून बघा. "तिला सहन नाही व्हायचं." बघा तर.

पुढच्या वेळी आला तो हसतच. आई म्हणाली होती, "आरं मी चाळीस वर्सं भांडले त्यांच्याशी यावरनं, तू आत्ता सुरू केलंस व्हय?" मग दोघं रात्री दीडपर्यंत बोलत बसले, थोडं रडले पण. फीचं मात्र आईलाही ठाऊक नव्हतं.

येणं वसूल करायचं का यावर मी काही बोलले नाही, तो माझा विषय नाही. त्यानं तिघांकडं मागितलं, एकानं दिलं, एकानं हळदीचं पोतं आणून टाकलं, एक भांडला.

दुसऱ्या वर्षी श्राद्धाला तो स्वतः बोलायला उठला. नंतर फोनवर मला सांगत होता. "म्हटलं, अण्णांनी भरलेली मोटर परत जळत नव्हती, हे तुम्हाला सगळ्यांना माहितीय. पण आमच्या घरातला मिक्सर चार वर्षं बंद होता, आई पाट्यावर वाटत होती, आणि विचारलं की म्हणायचे, नंतर."

सगळ्यात आधी आईच हसली म्हणे.